‘आणि’, ‘किंवा’ आणि डी मॉर्गन

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बारावीचे वर्ग सुरू होतात आणि गणिती तर्कशास्त्राचे प्रकरण फळ्यावर येते. त्या प्रकरणात महाराष्ट्रातली हजारो मुले एका माणसाचे नाव वहीत लिहून घेतात. डी मॉर्गन. त्याचे दोन नियम पाठ करतात, परीक्षेत त्याचे गुण मिळवतात आणि पुढे जातात. हा माणूस कोण, कुठला, कसा जगला, हे कुणी विचारत नाही. मी हिंगोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे हा धडा शिकवला. मलाही पहिली कित्येक वर्षे हा प्रश्न पडला नव्हता. पडला तो एका चुकीमुळे. चूक माझी होती, पण तिची किंमत दुसऱ्याच कुणी तरी मोजली. म्हणून डी मॉर्गनचे चरित्र सांगण्याआधी ती चूक सांगतो.

गोष्ट १९९६ सालची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून तीन वर्षे होती. रेल्वे मीटर गेजची. गावात संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी परभणीला जाऊन थोडेफार फॉक्सप्रो शिकून आलो होतो, त्यामुळे गावात माझा भाव अंमळ वधारला होता. एका संस्थेचा मदतनिधी होता. खेड्यांतून अकरावी-बारावीसाठी हिंगोलीत येणाऱ्या मुलींचा वसतिगृहाचा खर्च त्यातून दिला जाई. अर्ज तीनशेच्या घरात आले होते. हाताने छाननी करण्याऐवजी संगणकावर करू, असे मीच हौसेने सुचवले.

नियम साधा होता. ज्या घरात पेन्शन येते आणि पाच एकरांहून जास्त जमीनही आहे, अशा घरांना मदत नाही. बाकी सर्वांना द्यायची. म्हणजे दोन्ही गोष्टी ज्यांच्याकडे आहेत, तेवढेच वगळायचे. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत मी अट लिहिली : पेन्शन नाही आणि पाच एकरांहून जास्त जमीन नाही, अशांची नावे यादीत घे. वाचताना अगदी बरोबर वाटते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने करकर आवाज करत यादी बाहेर काढली आणि ती सूचनाफलकावर लागली.

दुसऱ्या दिवशी औंढ्याकडच्या एका खेड्यातून एक बाई आल्या. नवरा सरकारी कार्यालयात शिपाई होता. तो गेल्यावर तुटपुंजे कुटुंब-पेन्शन सुरू झालेले. जमीन एक गुंठाही नाही. त्यांनी मुलीकडून नियमाचा कागद तीनदा वाचून घेतला होता. त्यात तर दोन्ही असेल तरच नाही असे लिहिले आहे, मग माझ्या लेकीचे नाव का नाही सर, असे त्यांनी विचारले. मी यादी पुन्हा पाहिली, संगणकाकडे बोट दाखवले आणि त्यांना सांगितले की मावशी, यंत्र चुकत नाही, तुम्हीच कागद नीट वाचला नसेल. आजही हे वाक्य आठवले की मान खाली जाते.

पुढे तीन आठवड्यांनी मी वर्गात तर्कशास्त्र शिकवत होतो. फळ्यावर डी मॉर्गनचा पहिला नियम लिहिला : ‘अ आणि ब’ याचा नकार म्हणजे ‘अ नाही किंवा ब नाही’. आणि खडू हातातच थांबला. नकार आत नेताना ‘आणि’चे ‘किंवा’ होते, हे मी मुलांना सकाळी घोकून घेत होतो, आणि संध्याकाळी यंत्राला सांगताना मीच ते विसरलो होतो.

वाचकहो, चार घरे कल्पून पाहा. पहिल्या घरात पेन्शनही आहे आणि जमीनही आहे. दुसऱ्यात फक्त पेन्शन. तिसऱ्यात फक्त जमीन. चौथ्यात दोन्ही नाही. नियमाप्रमाणे फक्त पहिले घर वगळायचे होते. उरलेल्या तिघांना मदत द्यायची होती. माझ्या अटीने फक्त चौथे घर आत घेतले. मधली दोन घरे कुणालाही न कळता गळून गेली. यंत्राने एकही चूक केली नव्हती. सांगितले तेच त्याने इमानेइतबारे केले होते. त्या मावशींचे घर होते दुसरे.

त्या रात्रीपासून मी या डी मॉर्गनच्या मागे लागलो. औरंगाबादच्या, पुण्याच्या ग्रंथालयांतून जे मिळेल ते वाचत गेलो. आणि पहिलाच धक्का बसला तो त्याच्या जन्मगावाचा. हा माणूस आपल्या देशात जन्मला होता.

ऑगस्टस डी मॉर्गनचा जन्म २७ जून १८०६ रोजी मदुराईला झाला. मीनाक्षीच्या मंदिराचे ते मदुराई. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी. जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाळाच्या उजव्या डोळ्याला विकार झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. सात महिन्यांचा असताना कुटुंब त्याला घेऊन इंग्लंडला गेले. दहा वर्षांचा झाला तेव्हा, १८१६ मध्ये, हिंदुस्थानातून परतीच्या प्रवासात वडील जहाजावरच वारले. एका डोळ्याचा, बापाविना वाढलेला हा मुलगा शाळेत मैदानी खेळांत मागे पडे आणि सोबती त्याची टर उडवत. आईच्या घराण्यात मात्र गणित होते. तिचे आजोबा जेम्स डॉडसन हे त्यांच्या काळातले नावाजलेले गणिती. ते रक्त उशिरा का होईना, जागे झाले.

सोळाव्या वर्षी तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. रात्र रात्र कादंबऱ्या वाचायच्या, बासरी वाजवायची आणि मन लागेल तेच गणित करायचे, असा त्याचा खाक्या होता. तरीही १८२७ च्या अंतिम परीक्षेत तो चौथा आला. आता पुढची पदवी आणि कॉलेजची फेलोशिप हाताशी आली होती. फक्त एक अट होती. इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या धर्मकलमांवर सही करायची. बहुतेक मुले डोळे मिटून सही करत. डी मॉर्गन देव मानणारा होता, पण जे कलम मनाला पटत नाही त्याखाली सही करणे त्याला खोटे बोलण्यासारखे वाटले. त्याने सही केली नाही. केंब्रिजचे दार बंद झाले.

मला वाटते, त्याचे पुढचे सगळे आयुष्य समजायला ही एक घटना पुरेशी आहे. आपण एरवी जर-तरच्या भाषेला नाक मुरडतो. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते, असे म्हणून हसतो. पण जगातले सगळे करार, कायदे आणि नोकऱ्या जर-तरवरच उभ्या असतात. ‘जर’ नंतर जे लिहिले आहे ते नीट वाचायचे, आणि मान्य केले तर अक्षरशः पाळायचे; मान्य नसेल तर ‘तर’ नंतरचा लाभ सोडून द्यायचा, हा या माणसाचा स्वभाव होता.

वकिलीचा अभ्यास करायला तो लंडनला आला. तिथे नुकतेच एक नवे विद्यापीठ निघाले होते, आजचे युनिव्हर्सिटी कॉलेज. शिक्षक असो वा विद्यार्थी, कुणाला धर्म विचारायचा नाही हे त्याचे वैशिष्ट्य. १८२८ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, डी मॉर्गन तिथे गणिताचा पहिला प्राध्यापक झाला. तीनच वर्षांनी, १८३१ मध्ये, व्यवस्थापनाने शरीरशास्त्राच्या एका प्राध्यापकाला त्याचा दोष न सांगता काढून टाकले. डी मॉर्गनचा त्या विषयाशी संबंध नव्हता. पण कारण न देता एकाला काढता येत असेल तर कुणालाही काढता येईल, हे त्याच्या तर्काला दिसले. त्याने राजीनामा दिला. पाच वर्षे शिकवण्या करून आणि लेख लिहून काढली. त्याच्या जागी आलेला प्राध्यापक १८३६ मध्ये बुडून मरण पावला, तेव्हा मुलांचे नुकसान नको म्हणून तो परत आला आणि पुढची तीस वर्षे तिथेच शिकवत राहिला.

शिक्षक म्हणून तो विलक्षण होता. परीक्षेसाठी घोकंपट्टी त्याला खपत नसे. सिद्धता पाठ करण्यापेक्षा ती का खरी आहे हे कळले पाहिजे, यावर त्याचा कटाक्ष असे. सामान्य माणसांसाठी निघणाऱ्या स्वस्त ज्ञानकोशात त्याने सातशेहून अधिक नोंदी लिहिल्या. गणितात आपण ज्याला गणिती विगमन म्हणतो, त्या पद्धतीला इंग्रजीत नाव रुजवले ते त्याने, १८३८ मध्ये. १८३७ मध्ये त्याने सोफिया फ्रेंड या विदुषीशी लग्न केले, तेही चर्चमध्ये न जाता नोंदणी पद्धतीने. या सोफियामुळेच कवी बायरनच्या कुटुंबाशी त्याचा परिचय होता, आणि त्यातून बायरनची मुलगी एडा लव्हलेस हिला १८४० पासून तो पत्रांतून गणित शिकवू लागला. हीच एडा १८४३ मध्ये बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावर टिपणे लिहून संगणकाच्या इतिहासात अजरामर झाली. म्हणजे संगणक जन्माला येण्याच्या शंभर वर्षे आधी त्याची बाळगुटी उगाळणाऱ्यांत हा मदुराईचा बाळ होता.

त्याच्या स्वभावात कोड्यांची आवड मुरलेली होती. आपले वय तो कोड्यात सांगे. क्ष या वर्षाच्या वर्गाइतके साल असताना तो क्ष वर्षांचा होता. त्रेचाळीसचा वर्ग १८४९, आणि त्या साली तो त्रेचाळीस वर्षांचा झाला. असा योग शतकात एखाद्याच पिढीला लाभतो. घरातल्या मुलांना विचारून पाहा : २०२५ मध्ये कुठल्या सालचा माणूस हे सांगू शकला? पंचेचाळीसचा वर्ग २०२५, म्हणजे १९८० मध्ये जन्मलेला.

१८५२ मध्ये एका विद्यार्थ्याने त्याला आपल्या भावाला पडलेला प्रश्न विचारला. नकाशात शेजारचे दोन प्रदेश एकाच रंगाचे येऊ द्यायचे नसतील, तर कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येईल का? डी मॉर्गनला उत्तर सापडेना, पण प्रश्नाचे मोल कळले आणि त्याने तो मित्रांना पत्रांतून कळवला. हा चार रंगांचा प्रश्न सुटायला १९७६ साल उजाडले, आणि तो सोडवताना अमेरिकेतल्या दोन गणितज्ञांना संगणकाची मदत घ्यावी लागली. १९९९ मध्ये १ मे रोजी हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा मी मुलांना महाराष्ट्राचा नवा नकाशा रंगवायला दिला होता. परभणी, नांदेड, यवतमाळ, वाशीम आणि मध्ये आपण. पाचवा रंग कुणालाच लागला नाही.

हिंदुस्थानाला तो विसरला नव्हता. दिल्लीच्या कॉलेजात रामचंद्र नावाचे एक शिक्षक होते. कलनशास्त्राचा आधार न घेता, केवळ बीजगणिताने महत्तम आणि लघुत्तम मूल्ये काढण्याची रीत त्यांनी बसवली आणि १८५० मध्ये कलकत्त्यात पदरमोड करून पुस्तक छापले. तिथल्या टीकाकारांनी ते हसण्यावारी नेले. पुस्तकाची प्रत डी मॉर्गनकडे पोहोचली आणि त्याने त्यात भास्कराचार्यांच्या बीजगणिताच्या परंपरेचा धागा ओळखला. कंपनीच्या संचालकांच्या तो मागे लागला, आणि १८५९ मध्ये स्वतःच्या प्रस्तावनेसह त्याने ते लंडनमध्ये प्रसिद्ध करवले. १८५७ च्या उठावानंतर इंग्लंडात हिंदी माणसाविषयी कडवटपणा भरून राहिला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. त्याची ही कामगिरी त्याच्या नियमांइतकीच आपण लक्षात ठेवली पाहिजे.

आता त्या नियमांकडे येऊ. अॅरिस्टॉटलपासून चालत आलेले तर्कशास्त्र शब्दांत अडकले होते. डी मॉर्गनने १८४७ मध्ये तर्कशास्त्रावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या आधीच एडिंबरोच्या सर विल्यम हॅमिल्टन या तत्त्वज्ञाने त्याच्यावर कल्पना उचलल्याचा आरोप केला होता आणि दोघांत जाहीर वाद पेटला होता. हा वाद वाचून लिंकनच्या एका चांभाराचा मुलगा, शाळामास्तर जॉर्ज बूल, तर्कशास्त्राकडे वळला आणि त्याच वर्षी त्याचेही छोटे पुस्तक आले. दुसरा एखादा आपला प्रतिस्पर्धी म्हणून त्याचा दुस्वास करता; डी मॉर्गनने बूलला मित्र मानले आणि १८६४ मध्ये बूलचा मृत्यू होईपर्यंत त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला. योगायोग असा की बूलची पत्नी मेरी ही सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. ज्या लॅम्टनच्या हाताखाली एव्हरेस्टने हिंदुस्थानची मोजणी सुरू केली, तो लॅम्टन १८२३ मध्ये आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला वारला.

‘नाही’, ‘आणि’, ‘किंवा’ हे तीन शब्द बीजगणितातल्या चिन्हांसारखे चालवता येतात, हे या दोघांनी दाखवले. डी मॉर्गनचे नाव ज्या दोन नियमांना मिळाले ते शब्दांत मध्ययुगातल्या तर्कशास्त्र्यांनाही ठाऊक होते. त्याने त्यांना नेमके रूप दिले. पहिला नियम वर आलाच. दुसरा असा : ‘अ किंवा ब’ याचा नकार म्हणजे ‘अ नाही आणि ब नाही’. पुढे १९३८ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन अभियंत्याने दाखवले की विजेच्या बटणांची जोडणीही याच नियमांनी चालते. एकामागे एक लावलेली दोन बटणे म्हणजे ‘आणि’, शेजारी शेजारी लावलेली म्हणजे ‘किंवा’. आजचा प्रत्येक संगणक आणि खिशातला मोबाइल याच पायावर उभा आहे.

घरातही हे नियम आपण रोज वापरतो आणि रोज मोडतो. पाहुणा म्हणतो, चहात साखर आणि दूध नको. त्याला दोन्ही नको असते; म्हणजे मनात ‘साखरही नको आणि दूधही नको’ असते. पण दारावर पाटी असते की तिकीट आणि ओळखपत्र असल्याशिवाय प्रवेश नाही. तिथे दोहोंपैकी एक जरी नसले तरी अडवतात. दोन्ही वाक्यांत ‘आणि’ आहे, दोन्हींत नकार आहे, आणि अर्थ वेगळे आहेत. माणूस संदर्भावरून समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही.

माझी पुतणी पुण्यात संगणकाचे प्रोग्राम लिहिते. हिंगोलीचा दसरा पाहायला ती दरवर्षी घरी येते. एकदा तिने आपल्या कामातली एक अट मला दाखवली. तीन ‘नाही’, दोन ‘आणि’, एक ‘किंवा’ आणि कंसात कंस. चालते आहे ना, मग झाले, असे तिचे म्हणणे. मी तिला माझी १९९६ ची गोष्ट सांगितली आणि आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. त्या दिवशी तिला सांगितलेल्या चार गोष्टी इथे लिहून ठेवतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच नव्हे, तर नियम, परिपत्रके आणि सोसायटीच्या नोटिसा लिहिणाऱ्यालाही त्या उपयोगी पडतील.

एक, अट शक्यतो होकारात लिहावी. कोण बसत नाही यापेक्षा कोण बसते हे सांगणे वाचणाऱ्याला सोपे जाते, आणि दुहेरी नकार तर टाळावाच. दोन, नकार कंसाच्या आत न्यायचा असेल तर ‘आणि’ला ‘किंवा’ आणि ‘किंवा’ला ‘आणि’ करायला विसरू नये. तीन, अटीच्या प्रत्येक तुकड्याला नाव द्यावे. ‘वगळायचे घर म्हणजे पेन्शन आणि पाच एकरांहून जास्त जमीन असलेले घर’ असे आधी एका ओळीत लिहून, मग ‘वगळायचे घर नसेल तर यादीत घे’ असे म्हटले की चूक लपायला जागाच उरत नाही. मी एवढे केले असते तरी पुरले असते. चार, शेवटी चार घरांचा तक्ता मांडावा आणि प्रत्येक घराचा निकाल मूळ नियमाशी ताडून पाहावा. अटी तीन असतील तर घरे आठ होतील, चार असतील तर सोळा. तेवढा कागद परवडतो. त्या दिवशी पुतणीच्या अटीच्या आठ घरांपैकी एका घराचा निकाल चुकीचा निघाला. ती काही बोलली नाही, पण रावण जळायच्या आत तिने ती ओळ बदलली होती.

अलीकडे यंत्रेच प्रोग्राम लिहून देऊ लागली आहेत. पण नियमाचा अर्थ काय, आणि गळालेले घर कुणाचे, हे पाहण्याचे काम माणसाचेच आहे. शिष्यवृत्ती, अनुदान, विमा, प्रवेश, सगळ्यांचे अर्ज आता संगणकावर भरले जातात. चुकलेला कारकून निदान समोर भेटतो. चुकलेली अट भेटत नाही. तिच्यापुढे माणूस फक्त अपात्र ठरतो.

डी मॉर्गनच्या आयुष्याचा शेवट सुखाचा नव्हता. १८६५ मध्ये त्याचा मुलगा जॉर्ज आणि त्याचा एक मित्र यांच्या पुढाकाराने लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी निघाली आणि डी मॉर्गन तिचा पहिला अध्यक्ष झाला. पण पुढच्याच वर्षी कॉलेजातली तत्त्वज्ञानाची जागा जेम्स मार्टिनो या विद्वानाला नाकारण्यात आली, आणि त्यामागे त्याचे धर्मोपदेशक असणे हे एक कारण होते. कुणाचा धर्म पाहायचा नाही ही ज्या संस्थेची मूळ अट, तिनेच धर्म पाहिला होता. साठ वर्षांच्या डी मॉर्गनने दुसऱ्यांदा आणि कायमचा राजीनामा दिला. ज्या कॉलेजशी आपण करार केला ते आता उरलेले नाही, अशी त्याची धारणा होती. तिथे आपला पुतळा ठेवू देण्यासही त्याने नकार दिला. १८६७ मध्ये जॉर्ज गेला. त्यापाठोपाठ एक मुलगी गेली. खचलेला बाप १८ मार्च १८७१ रोजी लंडनमध्ये वारला. त्याची तीन हजारांहून अधिक पुस्तके पुढे लंडन विद्यापीठाकडे आली. दुसरा मुलगा विल्यम सुरेख रंगीत फरशा घडवणारा कलावंत आणि पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आला.

तो गेला त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अवघ्या तीन महिन्यांनी, ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून विद्यापीठांतली ती धर्माची अट काढून टाकली. तरुणपणी त्याने जी सही नाकारली होती, ती यापुढे कुणालाच करावी लागणार नव्हती. त्याचे दुसरे एक मागणे होते दशमान नाण्यांचे. त्यासाठी तो वर्षानुवर्षे झगडला. त्याच्या जन्मभूमीत १९५७ मध्ये नवे पैसे आले. निजामाचा हाली शिक्का, कलदार, आणे आणि पै यांचे हिशेब करून थकलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीला किती हायसे वाटले, ते मी घरी ऐकले आहे. इंग्लंडला ते १९७१ मध्ये सुचले, त्याच्या मृत्यूच्या शताब्दी वर्षात.

राहिली त्या मावशींची गोष्ट. चूक कळली त्याच दिवशी मी संस्थेच्या लोकांपुढे ती कबूल केली. नवी यादी लागली, गळालेल्या सर्व मुलींना मदत मिळाली. मावशींच्या लेकीचे पैसे घेऊन मी स्वतः त्यांच्या गावी गेलो. मुलगी वसतिगृहात राहत होती. तिचे वर्ष वाचले होते. पण मधल्या तीन आठवड्यांत खर्चाची रक्कम भरण्यासाठी मावशींनी आपल्या लग्नातले चांदीचे वाळे विकून टाकले होते. गहाण ठेवले असते तर सोडवता आले असते. त्या रागावल्या नाहीत. चुलीवर चहा ठेवला आणि एवढेच विचारले की आता त्या यंत्राला ‘दोन्ही’ हा शब्द कळला का.

यंत्राला तो पहिल्यापासून कळत होता. कळला नव्हता तो मला, असे मी त्यांना सांगितले. ती जुनी यादी, कडेला भोके असलेला तो लांबलचक कागद, मी अजून जपून ठेवला आहे. बारावीच्या पुस्तकात, डी मॉर्गनचे नियम आहेत त्याच पानात.